कोनाड्याची दोरी

त्या नगरात राजा नव्हता, पण राजाच्या जागा पुष्कळ होत्या. राजा केव्हा गेला, कुठे गेला, आणि मुळात तो प्राणी तरी कोणता होता, हे कुणालाच सांगता येत नव्हते. घोडे म्हणत तो घोडा होता, बोके म्हणत बोका. आणि आसपास बोके नसतील तेव्हा उंदीरही आपला दावा हलक्या आवाजात मांडून घेत. दरबाराच्या भिंतीवर महाराजांचे एक भव्य चित्र होते. ते दर सणाला ओल्या फडक्याने इतक्या निष्ठेने पुसले गेले की महाराज पुसून गेले. उरला फक्त एक पाय. तो पुढे टाकता टाकता मध्येच थांबल्यासारखा हवेत उचललेला होता आणि त्याला समोर तीन बोटे होती.

दरबारात शिरणाऱ्याने आपलाही एक पाय उचलून क्षणभर स्तब्ध राहायचे, अशी तिथली सलामी होती. चार पायांच्या जनावरांना ती सोपी जाई. बदकांची मात्र तारांबळ उडे, आणि ती एकमेकांच्या अंगावर कोसळली की मागच्या रांगेतले हरखून पाहत, कारण त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटे. बाजारात लाकडी पाय विकायला असत. लहान, मोठे, आणि किल्ली दिली की हलणारेही. बगळ्याला ही सलामी जन्मतःच येत होती, म्हणून तो नगराचा मुख्य पंडित झाला. त्याला आणखी काही येते का, हे विचारायची वेळ कधी आली नाही.

महाराजांनी पाय का उचलला होता, या एकाच प्रश्नावर बगळ्याने हयात घालवली होती. शत्रूच्या मानेवर ठेवण्यासाठी, असे त्याचे तरुणपणीचे मत होते. उतारवयात स्वतःचे गुडघे दुखू लागल्यावर महाराजांनाही संधिवात असावा, असे त्याला वाटू लागले. दोन्ही मते त्याने सारख्याच ठामपणे मांडली आणि दोन्ही वेळा त्याला शाल मिळाली.

राजा नसल्यामुळे नगराचा कारभार वारसा खात्याकडे होता आणि खात्याचा सगळा कारभार एका दोरीवर चालत होता. महाराज जिथे बसले, टेकले, थांबले किंवा शिंकले, त्या जागेभोवती तांबडी दोरी बांधायची आणि दोरीच्या आत कुणी पाऊल टाकायचे नाही, एवढा साधा कायदा. दोरी अर्थातच महाराजांच्या काळातली हवी. नवी दोरी वळून बांधली तर आतली जागा नवी दिसेल आणि लांबून आलेल्या पाहुण्यांचा विरस होईल, असे खात्याचे म्हणणे होते. त्यामुळे नगरात दोरी होती तेवढीच होती. ती मुळात विहिरीच्या पोहऱ्याची दोरी, असे काही म्हातारी जनावरे घरात म्हणत. चारचौघांत म्हणत नसत.

एखादी जागा राजाची कशी ठरे, हेही ऐकण्यासारखे आहे. महाराज तिथे गेलेच नव्हते, असे कुणाला सिद्ध करता आले नाही, की ते गेले होते असे धरले जाई. या न्यायाने महाराजांचे पाय नगरात सगळीकडे लागले होते. नदीच्या पायऱ्या, चावडीचा पार, चौकातले कट्टे, गुरांची पाण्याची कुंडे, सगळ्यांना दोरी लागली. नगरवासी त्यात स्वतःचा मान समजत. ज्याच्या ओसरीला दोरी लागे तो त्या दिवशी आळीत पेढे वाटी आणि त्या रात्रीपासून रस्त्यावर उभ्याने झोपे. उभ्याने झोपायची सवय झाली की मान आपोआप ताठ राहते, आणि पाहुण्यांना ती फार रुबाबदार वाटे.

या नगरात कवडी नावाची एक कोंबडी राहत होती. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, म्हणून कवडी. राजवाड्यासमोरच्या तटाच्या भिंतीत एक कोनाडा होता, तोच तिचे घर. उगवत कोनाड्याच्या डाव्या हाताला असल्याने सकाळचे पहिले ऊन तिरपे आत येई आणि दगड दुपारपर्यंत उबदार राही. तिने आत वाळलेले गवत अंथरले होते आणि त्यावर ती अंडी घेऊन खुडूक बसली होती. आदल्या वर्षीची तिची अंडी पावसाने वाया गेली होती. ते दुःख तिने कुणाला सांगितले नव्हते, पण या वेळी ती दाणे टिपायला उठली तरी धावत जाई आणि धावत परत येई. बसल्या बसल्या ती अंड्यांशी बोलत राही.

“बाहेर आलात ना, की आधी डावीकडे बघायचं,” ती त्यांना सांगे. “तिकडून ऊन येतं. समोर मोठा वाडा आहे, त्याच्याकडे लक्ष द्यायचं नाही. कोपऱ्यात मुंग्यांचं बीळ आहे, ते तेवढं माझ्यासाठी ठेवायचं.”

अंडी अर्ध्यावर आली होती. एवढ्यात समोरून पाहुण्यांचा एक जथा गेला, आणि कवडीच्या सुखाला दृष्ट लागली.

जथ्याच्या पुढे मिठोपंत चालला होता. मिठोपंत हा पोपट नगरातला सर्वांत जुना वाटाड्या. पाहुण्यांना वास्तू दाखवायच्या आणि त्यांची माहिती सांगायची, हे त्याच्या घराण्याचे पिढीजात काम. त्या घराण्यात एक रीत होती: पाहुण्याने विचारलेल्या प्रश्नाला ‘ठाऊक नाही’ असे म्हणायचे नाही. मिठोपंताच्या बापाने म्हटले नव्हते, आज्याने म्हटले नव्हते. मिठोपंत मनाने वाईट नव्हता. त्याच्या तोंडाला फक्त रिकामे राहायची सवय नव्हती.

“आणि तो कोनाडा कसला हो?” जथ्यातल्या एका वयस्क हंसिणीने विचारले. तिला खरे तर सावलीत जरा थांबायचे होते, म्हणून तिने काहीतरी विचारले.

तो कोंबडीचा कोनाडा आहे, हे मिठोपंताला पक्के माहीत होते. पण पाहुणे एवढ्या लांबून कोंबडी बघायला आलेले नव्हते. “महाराज दरबारात जाण्याआधी आपले जोडे त्या कोनाड्यात काढून ठेवत,” तो म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याची चोच जरा अडखळली. कोनाड्यातून कवडी त्याच्याकडे पाहत होती.

हंसिणीने हे पतीला सांगितले, पतीने मेहुण्याला सांगितले, आणि दुपारपर्यंत कोनाड्यासमोर रांग लागली. संध्याकाळी बगळा येऊन एक पाय वर करून उभा राहिला. महाराजांच्या चित्रातला पाय अनवाणी होता. म्हणजे जोडे कुठेतरी काढलेले असणारच, असा निर्णय त्याने दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी खात्याचे प्रमुख एडकेसाहेब स्वतः आले. हा एडका शिंगांना तेल लावून फिरत असे आणि कुणाचेही बोलणे ऐकताना डोके खाली घालत असे. त्यामुळे समोरचा लवकर बोलणे आटपे. त्यांच्यामागे दोरी बांधणारे दोन कुत्रे होते.

“अभिनंदन,” एडकेसाहेब म्हणाले. “तुमचा कोनाडा वारसा झाला. बाहेर या.”

“साहेब, अंडी अर्ध्यावर आलीत,” कवडी म्हणाली. “पिल्लं निघेपर्यंत थांबा. मग मी स्वतः दोरी बांधायला मदत करते.”

“बाई, अंडी हलवता येतात. इतिहास हलवता येत नाही.”

“पण महाराजांनी इथं जोडे कशाला ठेवले असतील? कोनाडा केवढा, जोडे केवढे!”

एडकेसाहेबांनी डोके खाली घातले. “महाराजांच्या जोड्यांचं माप तुम्हाला ठाऊक आहे?”

कवडीला ते ठाऊक नव्हते. तिने अंडी एका टोपलीत गवतावर ठेवली, वरून आपला पदर घातला आणि टोपली डोक्यावर घेऊन ती खाली उतरली. “मग मी बसू कुठं, तेवढं तरी सांगा,” ती म्हणाली.

“कुठंही बस की,” एक कुत्रा म्हणाला. त्याला तिची थोडी दया आली होती. “दोरी नसेल तिथं कुणीही बसावं. कायदाच आहे तसा.”

आता बांधायला दोरी काढली तर दोरी संपलेली. सगळे नगर धुंडाळले, पण मोकळा तुकडा कुठेच नव्हता. कुंडाची सोडावी तर कुंडाचे मालक रागावतील, कट्ट्याची सोडावी तर कट्टेवाले मोर्चा आणतील. आपल्या जागेची दोरी सुटणे यासारखी नाचक्की त्या नगरात दुसरी नव्हती. एडकेसाहेबांनी बराच विचार केला आणि तोडगा काढला. दरबारात सिंहासनाभोवती दोरी होती. सगळ्यांत जुनी, सगळ्यांत तांबडी. पण सिंहासनावर बसण्याची या नगरात छाती कुणाची आहे? तिथे दोरीची गरजच काय? कुत्रे धावत गेले, सिंहासनाची दोरी सोडून आणली आणि कोनाड्याला बांधली. ती मापाला अगदी बरोबर बसली, तेव्हा बगळा म्हणाला की हाही एक पुरावाच आहे.

कवडी टोपली घेऊन नगरात हिंडू लागली. नदीवर गेली तर पायऱ्यांना दोरी. पारावर गेली तर पाराला दोरी आणि पाराच्या झाडालाही, कारण महाराजांनी त्याची सावली घेतली होती. उकिरड्यापाशी तिला मोठी आशा वाटली, पण तिथेही दोरी होती. महाराजांनी केलेला कचरा म्हणून तो जपला होता आणि पाहुणे नाकाला रुमाल लावून श्रद्धेने तो पाहत होते. मोकळा होता फक्त रस्ता, आणि त्यावरून रांगा चालल्या होत्या.

कुंडापाशी तिला ओळखीची शेळी भेटली. कुंडाला दोरी लागल्यापासून शेळी कुंडाशेजारी उभी असे आणि पाणी प्यायला नदीवर जाई.

“मावशी, जरा आडोसा दे गं,” कवडी म्हणाली. “तुझ्या पोटाखाली बसते घटकाभर. अंडी गार होतायत.”

“बस ना, बस,” शेळी म्हणाली. “पण मला इथं उभंच राहावं लागतं हं. पाहुणे विचारतात, मालक कोण, म्हणून.” मग ती मान ताठ करून म्हणाली, “माझ्या कुंडात महाराज पाणी प्यायले, कवडे! आणि मला मेलीला इतकी वर्षं पत्ता नाही.”

कवडी तिच्या पोटाखाली बसली. तेवढ्यात पाहुणे आले, शेळी त्यांच्यासाठी दोन पावले पुढे सरकली, आणि एक खूर टोपलीच्या इतक्या जवळ पडला की कवडीने टोपली झटकन ओढून घेतली. ती उठली. पदराखाली पंख घालून तिने एकेक अंडे चाचपले. मघापेक्षा ती गार लागत होती. तिला रडू फुटले, पण रडायलाही कुठेतरी टेकावे लागते, म्हणून ती चालत राहिली.

तशीच ती एका रांगेत ओढली गेली. रांगेत मेंढ्या होत्या, त्यांच्या अंगाला ऊब होती, एवढेच तिला कळत होते. रांग कुठे चालली आहे हे तिने विचारले नाही. मेंढ्यांनाही ते ठाऊक नव्हते. रांग मोठा दरवाजा ओलांडून आत गेली, सगळ्यांनी एक पाय उचलला, डोक्यावर टोपली असलेल्या कवडीनेही उचलला, आणि ते सगळे दरबारात होते.

समोर मिठोपंत एका दांडीवर बसून माहिती सांगत होता. त्याच्यामागे भिंतीवर तो पाय होता. पायाखाली सिंहासन होते. त्यावर लाल मखमलीची गादी होती, गादीच्या मधोमध एक खळगा पडला होता, आणि खिडकीतून आलेले तिरपे ऊन त्या खळग्यात साठले होते. कवडीने सिंहासन पाहिलेच नाही. तिने गादी पाहिली, खळगा पाहिला, ऊन पाहिले. मग तिने डावीउजवीकडे, मागेपुढे नीट पाहिले. दोरी नव्हती.

“आणि ज्याच्यासाठी आपण एवढ्या लांबून आलात,” मिठोपंत डोळे मिटून म्हणत होता, “ते हे सिंहासन! यावर साक्षात—”

त्याने डोळे उघडले. सिंहासनावर कवडी बसली होती. तिने अंडी पोटाखाली घेतली होती, पंख पसरले होते, आणि समाधानाने तिचे डोळे अर्धे मिटत आले होते.

मिठोपंताच्या घराण्यात वाक्य अर्धे सोडायचीही रीत नव्हती. “—महाराज,” तो म्हणाला.

 पुढच्या मेंढीने पाय उचलला. मागच्या मेंढीने पुढचीकडे पाहून उचलला. बदके पडली. पाहुण्यांना इतके दिवस रिकामे सिंहासन दाखवले जात होते आणि ते आदराने पाहत होते. आज त्यावर कुणीतरी होते, तर आपण दिलेल्या पैशांचे चीज झाले, असे त्यांना वाटले. एक मेंढी रडलीसुद्धा. कुत्रे धावत आले आणि सिंहासनापाशी येऊन गोंधळून थांबले. दोरी नसेल तिथे कुणीही बसावे, हे त्यांनीच तिला सांगितले होते, आणि दोरी त्यांनीच सोडली होती.

एडकेसाहेब आले तेव्हा रांग राजवाड्याच्या बाहेर चौकापर्यंत गेली होती. त्यांनी डोके खाली घातले, पण कवडीचे डोळे मिटलेले असल्याने त्याचा उपयोग झाला नाही. कोंबडीला उठवावे तर दोरी काढण्याचा निर्णय चुकला असे होईल. आणि खात्याचा निर्णय आजवर चुकला नव्हता. त्यांनी बगळ्याकडे पाहिले.

बगळ्याने सिंहासनाला एक प्रदक्षिणा घातली. “सिंहासन आणि ही बाई यांच्यामध्ये दोरी नाही,” तो विचारपूर्वक म्हणाला. “म्हणजे ही बाहेरची नाही. बाहेरची नाही म्हणजे आतली. आतली म्हणजे सिंहासनाचाच भाग.”

“मग दोरी हवी,” एडकेसाहेब म्हणाले.

“आजच्या आज हवी,” बगळा म्हणाला.

दोरी कुठून आणायची, हा प्रश्न आता अवघड नव्हता. साक्षात महाराज सापडल्यावर त्यांच्या जोड्यांना कोण विचारतो? कवडीने खिडकीतून पाहिले. समोर तटाच्या भिंतीपाशी कुत्रे तिच्या कोनाड्याची दोरी सोडत होते. दोरी निघाली, गुंडाळली गेली, आणि कोनाडा पूर्वीसारखा उघडा झाला. आतले गवतही तसेच होते. एवढा आनंद तिला कित्येक दिवसांत झाला नव्हता.

“झालं तर मग!” ती म्हणाली आणि टोपली ओढू लागली. “साहेब, मी माझ्या घरी जाते. तुमचं आसन छान आहे, राग नाही माझा.”

पण तोवर दोरी बांधून झाली होती. “दोरी ओलांडता येत नाही,” एडकेसाहेब म्हणाले. ते पहिल्यांदाच तिच्याशी अदबीने बोलत होते, आणि त्यामुळे त्यांचा आवाज चिरका झाला होता.

“बाहेरच्यांनी आत यायचं नाही, असा कायदा आहे ना?”

“दोरी एकच आहे, महाराज. तिची आतली बाजू वेगळी वळलेली नाही.”

कवडी भांडणार होती. भांडणात ती आळीत कुणाला ऐकत नसे. पण अंडी नुकती कुठे पुन्हा ऊब धरू लागली होती. आत्ता उठले, हुज्जत घातली, पुन्हा टोपलीत भरली, तर या खेपेलाही हाती काही लागणार नाही, हे तिला कळत होते. ‘पिल्लं निघू देत,’ तिने मनाशी ठरवले, ‘मग बघते यांची दोरी.’ आणि ती अंड्यांना हळूच म्हणाली, “थोडेच दिवस हं. घर इथून दिसतंय. ऊन आलंय बघा आता तिथं.”

दिवस गेले. चांदीच्या ताटलीत निवडलेले दाणे येऊ लागले. पहिल्या दिवशी तिने ते संकोचाने खाल्ले. पुढे एकदा ताटलीत खडा निघाला, तेव्हा तिने ताटली पायाने लोटली, आणि दाणे निवडणारी चिमणी थरथर कापली. रोज रांग येई. सुरुवातीला एवढे डोळे अंगावर आले की कवडी पिसे फुगवून बसे. मग तिच्या लक्षात आले की मान जरा तिरकी धरली तर पाहुणे हळहळतात, आणि सरळ धरली तर घाबरतात. तिला दोन्ही आवडू लागले. तिच्या ठिपक्यांवर बगळ्याने एक व्याख्यान दिले. बाजारात ठिपक्यांचे लाकडी पाय आले. शेळी एकदा रांगेत उभी राहून आली आणि ‘कवडे’ म्हणून हाक मारणार होती, पण तिच्या तोंडून ‘महाराज’ निघाले. कवडीने मान सरळच ठेवली.

रात्री दरबार रिकामा झाला की मात्र ती कवडी होई. खिडकीतून कोनाड्याकडे बघत ती अंड्यांना तेच तेच सांगे: डावीकडून ऊन येते, कोपऱ्यात मुंग्यांचे बीळ आहे. आतून आता हालचाल जाणवू लागली होती, आणि ती बोलू लागली की ती हालचाल थांबे. पिल्ले ऐकत होती.

मिठोपंताला त्या दिवसांत झोप लागत नव्हती. कोनाड्यात जोडे त्यानेच ठेवले होते आणि सिंहासनावर महाराजही त्यानेच बसवले होते, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. एके दिवशी दुपारी, रांग जेवायला थांबली असताना, तो दांडीवरून उतरून दोरीजवळ आला.

“कवडीबाई,” तो म्हणाला. तिला या नावाने हाक मारून बरेच दिवस झाले होते. “कुत्रे जेवायला गेलेत. मी चोचीने गाठ सैल करतो. टोपली घ्या आणि निघा. कोनाडा रिकामाच आहे, मी रोज जाऊन बघतो. गवत हलवू दिलेलं नाही कुणाला.”

कवडीने टोपली जवळ ओढली. ती उठलीसुद्धा. मग दाराबाहेर रांगेची कुजबुज ऐकू आली आणि ती थबकली.

“आज कोण आलंय हो, पंत?”

“घाटाखालचे हंस आलेत. मोठं कुटुंब आहे.”

“लांबून आलेत बिचारे,” कवडी म्हणाली आणि खाली बसली. “आज नको. आज बरं दिसणार नाही. उद्या बघू.”

मिठोपंताने गाठ सोडली नाही, बांधलीही नाही. तो दांडीवर जाऊन बसला. त्या दिवशी त्याने माहिती फार थोडक्यात सांगितली.

दुसऱ्याच दिवशी अंडी फुटली. सकाळची रांग नुकतीच आत आली होती, आणि तीत घाटाखालच्या हंसांचे उरलेले कुटुंबही होते. आधी टकटक झाली, मग एका कवचाला चीर गेली, मग दुसऱ्याला, आणि पाहता पाहता गादीच्या खळग्यात ओली, पिवळी, चिवचिवणारी गर्दी झाली. सगळी जगली होती. एकही वाया गेले नव्हते. कवडी त्यांना चोचीने कुरवाळत होती, मोजत होती, पुन्हा मोजत होती, आणि तिला समोरच्या रांगेचे भान राहिले नव्हते. त्या घटकेला ती भिंतीतल्या कोनाड्यातलीच कोंबडी होती.

पिल्लांत एक सगळ्यांत धीट होते. अंगावरची पिसे वाळायच्या आतच ते गादीच्या कडेपर्यंत गेले, खाली घसरले, उठले आणि त्याने आधी डावीकडे पाहिले. तिकडे खिडकी होती. खिडकीतून ऊन येत होते. उन्हापलीकडे एक भिंत होती आणि भिंतीत एक कोनाडा.

“आई!” ते आनंदाने ओरडले. “आपलं घर! ते बघ, आपलं घर!”

आणि ते धावत सुटले. दोरी त्याच्या डोक्याच्या किती तरी वर होती. ती त्याला दिसलीसुद्धा नाही. रांगेत मोठी खळबळ माजली. मेंढ्या मागे सरल्या, हंसांनी माना उंचावल्या, कुत्र्यांनी घाबरून एडकेसाहेबांकडे पाहिले. एवढ्या गर्दीचे डोळे पिल्लावरून उठून एकदम कवडीवर आले. कवडीची मान सरळ झाली.

“थांब!” ती म्हणाली. दरबारात घुमणारा तो आवाज तिचा स्वतःचा होता, पण शब्द खात्याचे होते. “दोरीच्या बाहेर पाऊल टाकू नये.”

पिल्लू थांबले. त्याने एक पाय पुढे टाकण्यासाठी उचलला होता. तो बरोबर दोरीखाली, हवेत राहिला. पुढे टाकायचा की मागे घ्यायचा, हे त्याला कुणी सांगितले नव्हते. त्याने मान वळवून आईकडे पाहिले. आईने दुसरीकडे पाहिले. पाय तसाच राहिला, त्याची तीन नाजूक बोटे ताठ पसरलेली.

रांगेतल्या सगळ्यांनी हळूहळू आपापला पाय उचलला. एडकेसाहेबांनी उचलला. बगळ्याने दुखऱ्या गुडघ्याने उचलला. 

“अहो,” हंसांतल्या कुणीतरी पंखाने भिंतीकडे दाखवून मिठोपंताला विचारले, “त्या चित्रात महाराजांनी पाय का उचललाय?”

मिठोपंताने चित्राकडे पाहिले. मग बराच वेळ त्याने पिल्लाकडे पाहिले.

“ठाऊक नाही,” तो म्हणाला, आणि त्याने रांग पुढे सरकवली.